जनरलच्या दिव्याची तक्रार

थोरल्या भावासमान असलेल्या वेंग दादांना ताइनानहून मेहुण्याचा, म्हणजे छाय युंगशेंगचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आणि वहिनींचा खोकला? (गुडघा तुमचा आणि खोकला वहिनींचा, की उलट, हे मी दर पत्रात विसरतो. जे ज्याचं असेल ते बरं असो.) आम्ही सगळे मजेत. सासूबाई, म्हणजे तुमच्या मातोश्री, ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून समोरच्या घरात कोण काय जेवतंय हेही त्यांना दिसतं. तुमच्याकडे तायपेला यायचं नाव मात्र काढत नाहीत. 'चार' आणि 'मरण' आपल्या बोलीत सारखेच ऐकू येतात, आणि तुमचं घर चौथ्या मजल्यावर. "पोरानं मरणात बिऱ्हाड केलंय, मी कशाला जाऊ?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तुमची सोय झाली, आमची झाली नाही, पण तो विषय नाही. सूनबाईला सातवा लागलाय. तिला दिवसभर कच्च्या पेरूचे डोहाळे.

अक्षर मोठं काढतोय म्हणून हसू नका. हल्लीच्या पेनांना शाईच नसते. वर्तमानपत्रही इतकं फिकं छापतात की वाचकाला फुकट द्यायला हवं. रस्त्यावरचे दिवे तर विचारूच नका. आम्ही वीज कंपनीत होतो तेव्हा दिवा लागला की लागल्यासारखा दिसायचा!

आता मुद्द्यावर येतो. नव्या वर्षाला तुम्ही मोठ्या हौसेनं आमच्या फिशटँकवर दिवा बसवून दिलात. दोन ट्यूबा, भारी चोक आणि पंख्याच्या रेग्युलेटरसारखं ते बटण, की फिरवावं तसा उजेड मंद व्हावा. माशांना पहाटेसारखी पहाट आणि संध्याकाळसारखी संध्याकाळ मिळेल, असं तुम्ही तीनदा समजावलंत. माशांनी कधी मागितली होती का, दादा? पण मी शब्दानं बोललो नाही. तुम्ही इंजिनियर, मी साधा मीटर तपासणारा.

पहिल्याच संध्याकाळी मी बटण फिरवलं आणि सासूबाई किंचाळल्या. तायपेत राहून तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो, आपल्याकडे दिव्यालाही 'तिंग' म्हणतात आणि घरात जन्मणाऱ्या मुलग्यालाही 'तिंग'च. "अहो जावईबापू, सून पोटुशी आहे आणि तुम्ही घरातला तिंग मंद करताय? लोक देवळात जाऊन दिवा लावून येतात, आणि आमच्याकडे असलेला विझवायची घाई!" मी म्हटलं, आई, हा माशांचा दिवा आहे. तर म्हणाल्या, "मासे काय घराबाहेर राहतात?" तेव्हापासून मी मंद करायचा आणि त्यांनी काठी टेकत येऊन बटण पुरतं फिरवायचं, असा आमचा संसार सुरू झाला. शिऊचिन (तुमची बहीण) मधे सोफ्यावर बसून शेंगा सोलायची. एका शब्दानं कुणाची बाजू घेईल तर शपथ.

पण दादा, खरी गंमत पुढेच आहे. दोनेक महिन्यांत बटण पुरतं फिरवूनही उजेड मंदच यायला लागला. मी ओळखलं. ट्यूब मंद करताना तिच्या टोकांच्या बारीक तारा गरम राहाव्या लागतात, नाहीतर टोकं काळी पडतात आणि ट्यूब अवेळी जाते. तुमच्या त्या भारी चोकनं तारा थंड ठेवल्या असणार. मी ट्यूबा बदलल्या. माशांच्या दुकानातली बाई म्हणाली, "काका, ट्यूब दिसायला चांगली दिसते, पण वर्षभरात आतून म्हातारी होते, आपल्याला कळतसुद्धा नाही." बाई हुशार आहे. पण नव्या ट्यूबाही तशाच! चोक बदलला. तरी तेच, जणू कुणी काचेवर भाताची पेज ओतलीय. घरात कुणाला विचारलं की म्हणतात, "लख्ख आहे की!" सासूबाई तर म्हणतात, डोळे दिपतात. सगळ्यांनी मिळून तुमची बाजू घ्यायचं ठरवलेलं दिसतं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण जनरलचं काय? आमचा लाल मासा, शेपटीला खाच असलेला, माझा पाय वाजला की काचेशी येऊन तोंड उघडणारा, तो जनरल तुमच्या दिव्यापायी रुसलाय. लाकडाच्या ओंडक्याआड पडून असतो. हाक मारली तरी ढिम्म. रोज सकाळी वीतभर इकडे नाहीतर तिकडे सरकलेला दिसतो, म्हणून जिवंत आहे एवढं कळतं. मी त्याच्या पुढ्यात दाणे टाकतो, थोड्या वेळानं संपलेले असतात, म्हणजे मी गेल्यावर खातो. मानी आहे. मी रोज त्याच्याशी बोलतो, समजूत घालतो. शिऊचिनला म्हटलं, हा आजारी आहे का गं, तर म्हणाली, "असू दे त्याला निवांत," आणि आत निघून गेली. तिला माशांची माया नाहीच. मला मात्र वाईट वाटतं. घरात माझी वाट बघणारा तोच एक होता.

तेव्हा दादा, तुमचा माल तुम्ही येऊन बघा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
युंगशेंग

ता. क. परवा पावसात सापडलो आणि आडोसा म्हणून एका दवाखान्यात शिरलो. तो नेमका डोळ्यांचा निघाला. डॉक्टर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू म्हणतो. मी त्याला सांगितलं, आधी तुमच्या खोलीतली ट्यूब बदला.

आणखी एक. समजा, नुसतं समजा, त्याचं खरं असेल, तर सूनबाई मोकळी व्हायच्या आत ते उरकायला हवं. नातवंडाचं तोंड मला पेजेतून बघायचं नाही. मला डोळ्याजवळ सुरी आणलेली सहन व्हायची नाही, दादा. तुम्ही शेजारी बसाल का? शिऊचिनला कळू देऊ नका, ती घाबरेल.

*

दादा, हे पत्र पेटीत टाकायला त्यांनी माझ्याच हातात दिलं. पाकिटावर तुझ्या पत्त्याऐवजी आमच्याच घरचा लिहिलाय, म्हणून उघडलं. दवाखान्यात मी आधीच विचारून आलेय, पुढच्या आठवड्यात त्यांच्या ऑपरेशनचा नंबर आहे. तू ये, पण दिवा दुरुस्त करायला आलो असंच सांग. दिव्याला काही झालेलं नाही. त्यांनी टाकून दिलेल्या ट्यूबा स्वयंपाकघरात आणि देवापाशी लावल्यात, आई त्यांच्या उजेडात सुई ओवते.

जनरल नव्या वर्षाच्या पंधरवड्यातला दिव्यांचा सण झाल्यावरच गेला. मी त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं. काच पुसायचा लाल स्पंज त्या दिवशी पाण्यात राहून गेला होता. हे आले आणि त्यालाच म्हणाले, "काय जनरल, आज असे कोपऱ्यात?" मला सांगवेना. तेव्हापासून रोज सकाळी हे उठायच्या आत मी तो स्पंज वीतभर सरकवते.

येताना एक लाल मासा आण. शेपटीला खाच बघून घे. त्यांच्या डोळ्यांची पट्टी सुटायच्या आत तो पाण्यात असायला हवा.