मास्तरांच्या सुरामागे

१ ऑक्टोबर २००९, गुरुवार
पुन्हा सुरातून उतरलो! आमच्या चौघांच्या सरावात, तिसऱ्या भागात दोन्ही व्हायोलिनं खाली. ॲलिस्टरचा व्हियोला आणि डिम्पलचा चेलो मात्र जागेवर. चर्चच्या बेसमेंटमध्ये गारठा होता, तारा उतरल्या असतील, म्हणालो. ॲलिस्टरनं हीटरकडे बोट दाखवलं. तो चालू होता.

४ ऑक्टोबर
खरं कारण इथे लिहितो. हेरॉल्डमास्तर उतरतात. पहिलं व्हायोलिन त्यांचं, दुसरं माझं. त्यांचं वय एक्क्याऐंशी. इकडे परदेशात येण्याआधी, वसईत मी पाचवीत असताना त्यांनीच मला बो, म्हणजे गज, धरायला शिकवलं. आणि एक रीतही शिकवली – मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनेत, म्हातारा गाणारा घसरला की त्याच्याबरोबर घसरायचं, त्याला उघडं पाडायचं नाही. म्हणून मास्तर उतरले की मीही तारेवरचं बोट जरा मागे घेऊन सूर उतरवतो. दोघं एकदम चुकलो की लोकांना कमी कळतं.

८ ऑक्टोबर, गुरुवार
आम्ही वाजवतोय तो अठराव्या शतकातला संगीतकार ब्रुनेत्ती. डिम्पलनं लायब्ररीतून माहिती आणली. जन्म इटलीचा, पण आयुष्य गेलं माद्रिदच्या दरबारात. तिथे युवराजाला व्हायोलिन शिकवायचा. त्याचं बरंचसं संगीत छापलंच गेलं नाही, हस्तलिखितातच राहिलं. युवराज बेसूर झाला की हा काय करत असेल? निमूट मागोमाग जात असेल – नोकरी होती बिचाऱ्याची! माझं उलटं. माझ्या शेजारी युवराज नाही, गुरू बसतात.

१५ ऑक्टोबर
उतरलो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
ॲलिस्टरनं पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "फ्लोरिन, डोन्ट टेक इट पर्सनली, पण यू आर फ्लॅट. मास्तरांना तू खाली ओढतोस. धिस इज प्रॉबेबली हिज लास्ट कॉन्सर्ट, मॅन." डिम्पलच्या ओळखीची एक व्हायोलिनवाली आहे म्हणे, ती माझ्या जागी बसेल. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. गाडीत बसल्यावर मात्र रडलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी!

२९ ऑक्टोबर, गुरुवार
मास्तरांना घरी सोडताना सांगून टाकलं – मी कॉन्सर्टला नाही, माझा सूर लागत नाही. सिग्नल सुटला. मास्तर म्हणाले, "दोन वर्षं झाली, वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. तुझे खालचे येतात. त्यांच्यावरच मी माझे बसवतो. तू गेलास तर मी कोणाच्या मागे जाऊ?"

म्हणजे मी त्यांच्या मागे आणि ते माझ्या मागे! दोन वर्षं दोघं हात धरून उतार उतरत होतो. हसावं की रडावं कळेना.

ॲलिस्टरला फोन केला. मी वाजवणार आहे, एवढंच सांगितलं.

७ नोव्हेंबर, शनिवार
कॉन्सर्टमध्ये तिसऱ्या भागात मास्तर घसरले. मी बोट हलवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकटं सोडलं. दोन मात्रा गेल्या – आणि माझा सूर धरून मास्तर वर आले.