लूप एकपासून

३ नोव्हें., सोम.
प्रज्ञाने प्रोग्रामिंगचा सराव पाठवलाय. वीस प्रश्न. लेक पनवेलला कंपनीत लागल्यापासून तिला बापाला शिकवायची हौस आली आहे. अकराव्या प्रश्नात म्हणे लूप काढून टाका, त्या जागी इटरेटर घाला. फोनवर हसली. "पप्पा, तू अजून आय बरोबर झिरो, आय प्लस प्लस लिहितोस? कोणी नाही लिहीत आता असं." कोणी लिहीत नाही म्हणजे चूक झाली? मच्छीमार सोसायटीत सोळा वर्षं कारकून आहे मी. वारं सुटणार असलं की सगळ्या नाखवांना इशाऱ्याचा मेसेज जातो, तो प्रोग्राम माझा, एकट्याचा. चार वर्षं चालतोय. लूपवरच.

४ नोव्हें.
अकरावा प्रश्न सुटला. सगळं हिरवं, म्हणजे बरोबर. म्हणूनच शंका.
लूपमध्ये मला दिसतं, इथून निघालो, एकेक पुढे गेलो, इथे थांबलो. इटरेटरला नुसती यादी हातात द्यायची आणि म्हणायचं, यातल्या प्रत्येकाला हे कर. कुठून निघाला, कुठे थांबला, बोलायचं नाव नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण मला उघडून बघायची सवय आहे.
शोभा म्हणाली, "भाजीवालीचा काटा तपासता, आता कॉम्प्युटरचाबी तपासा." बायको आहे, बोलणारच.

६ नोव्हें.
सरावातले आकडे त्यांचे, उत्तरंही त्यांचीच. असल्या परीक्षेवर काय विश्वास ठेवायचा. मी आमच्या सोसायटीची खरी यादी घेतली. मेसेज न पाठवता फक्त किती जणांना जाईल ते मोजायला लावलं.
लूप: ६३.
इटरेटर: ६४.
धरला!
प्रज्ञाला लगेच फोन. तुझा इटरेटर एक माणूस जास्त मोजतो. "पप्पा, तो जास्त मोजूच शकत नाही. लिस्टमध्ये जेवढे आहेत तेवढेच घेतो." कंपनीत शिकवलेलं पाठ म्हणून दाखवते. खात्री नाही पटली.

७ नोव्हें.
रजिस्टर काढून बोट ठेवून मोजले. ६४. चहा घेऊन पुन्हा. ६४.
म्हणजे कोणीतरी मागाहून नाव घुसवलंय. चेअरमनचा पुतण्या दोन वर्षं मागे लागलाय सभासद करा म्हणून. तपासलं. नाही, तो नाही. चेअरमन समोरून गेले तर मी रजिस्टर मिटलं, का कोण जाणे.

८ नोव्हें.
दोन्हीकडची नावं शेजारी शेजारी छापली. लूपच्या कागदावर एकच नाव नाही. पहिलंच. अनंत नाखवा.
प्रोग्राम उघडला. लूप एकपासून सुरू. यात मोजणी शून्यापासून असते, एकपासून म्हणजे पहिला सोडून. कोणी लिहिलं? मी.
का लिहिलं तेही आठवलं. जुन्या रजिस्टरात पहिली ओळ गावदेवीची असायची, मग सभासद. आमच्याकडे तशीच रीत. देवीला वाऱ्याचा मेसेज पाठवून काय करणार, म्हणून पहिली ओळ सोडली. पुढे अलिबागच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसने लेखी मागितलं, यादीत फक्त सभासद हवेत. देवीची ओळ मी काढली. सगळे एकेक वर सरकले. लूप तिथेच राहिला.
याला दोन वर्षं झाली.


९ नोव्हें., रवि.
गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर वाऱ्याचा इशारा आला होता. सगळ्यांनी होड्या आत घेतल्या. अनंत नाखवा समुद्रात गेला. तिसऱ्या दिवशी परतला, होडीची एक बाजू फुटलेली, बरोबरच्या मेव्हण्याचा पाय मोडलेला. तो आजही लंगडतो. मीटिंगमध्ये अनंत ओरडत होता, "मना मेसेज आयलाच न्हाय! पोराची आन!" मी उठून कागद दाखवला. 'सर्वांना पाठवले.' ती ओळ लूप संपला की येतेच, कोणाला गेलं न गेलं तरी. हे मला तेव्हाही माहीत होतं. चेअरमन म्हणाले, मशीन खोटं बोलेल का? त्याला कमिटीवरून काढला. गावात अजून म्हणतात, लोभापायी गेला आणि वर खोटं बोलला.
मीही तेच म्हणत होतो. नावानिशी.

१० नोव्हें.
लूप काढला. इटरेटर घातला. दोन ओळी. ६४.
प्रज्ञाला सगळं सांगितलं. आधी तिने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, "पप्पा, फिक्स केलंस ना? मग सोड ना. कोणाला कळणार आहे?"
माझी मुलगी असं बोलेल वाटलं नव्हतं. खरं तर तिने तसंच बोलावं म्हणून फोन केला होता.

११ नोव्हें.
चेअरमनना पत्र लिहायला बसलो. 'देवीची ओळ काढल्यामुळे' इथवर आलो आणि पेन थांबलं. मी बौद्धवाडीतला. कोळीवाड्याच्या रजिस्टरातून गावदेवी कोणी काढली, या कारकुनाने. हे कसं ऐकलं जाईल? अलिबागचा आदेश फाइलमध्ये आहे, पण फाइल कोण वाचतो. सोळा वर्षं माझ्या हातचा चहा पिणाऱ्यांचे चेहरे एकेक डोळ्यासमोर आणले. कोण काय म्हणेल ठरवत बसलो. पत्र फाडलं.
शोभाला सांगितलं. ती भांडी घासायची थांबली. "साऱ्या जगाचा संशय घेता. स्वतःचा एकदाबी आला न्हाय?"


१२ नोव्हें.
पत्र पुन्हा लिहिलं. देवीची ओळही लिहिली, आदेशाची प्रत जोडली. खिशात ठेवून चेअरमनच्या केबिनपर्यंत गेलो. आत दोघं बसले होते. परत आलो. दोघं नसते तरी परत आलो असतो, असं वाटतं.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी वाऱ्याचा इशारा. ६४ मेसेज गेले.
अकराला अनंत नाखवा दारात. मीटिंगनंतर पहिल्यांदाच सोसायटीची पायरी चढला. फोन पुढे धरला. माझाच मेसेज.
"भाऊसाहेब, आज ह्यो आयला. फोन तोच, नंबर तोच. मग दोन वरसं का न्हाय आयला?"
आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, बसा नाखवा. बसला नाही.
"होडी आत घेतो. मेव्हन्याला संगती घेऊन येतो सा वाजता. तवर इचार करा नि सांगा."
पत्र खिशात आहे. चेअरमन केबिनमध्ये एकटेच आहेत. पाच चाळीस झाले.