बिनकल्चरची कुंडी

११ डिसेंबर
धामणगाव बढ्याला नामदेवभाऊंच्या वावरात. शेजारचा हरभरा पिवळट, यांचा काळाभोर हिरवा, अन् युरियाचा दाणा नाही. "मले काय मालूम? जमीनच तशी." जमीन नाही भाऊ, जमिनीतलं कोणीतरी! खणलं. मुळांना गाठीच गाठी, कापल्या तर आत गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र पकडणारा जिवाणू आत कामाला लागलेला. चार रोपं ओल्या गोणपाटात. आजवर दुसऱ्याने वाढवलेले जिवाणू, मूळ कल्चर, आणून आपल्या जिवाणू-खताची पाकिटं भरली. हा जिवाणू मोताळा तालुक्यातला, आपला.

१२ डिसें.
गाठी धुतल्या, ठेचल्या, जिवाणू वाढवायच्या लाल जेलीच्या प्लेटांवर तारेने तो रस रेघारेघांनी ओढला. आमची सून प्राची, मायक्रोची एमएस्सी. "मामाजी, प्लेट उघडी असताना बोलायचं नाही." मी! न बोलता!

१६ डिसें.
तीन प्लेटा वाया. लाल रंग प्यालेले भलतेच पाहुणे. चौथीत कडेला पांढरे, चिकट, शिजलेल्या साबुदाण्यासारखे ठिपके. रंग घेतलेला नाही. तेच!! एकच ठिपका उचलून पुन्हा रेघा.

२४ डिसें.
तिसऱ्यांदा ओढलेल्या रेघा उगवल्या. अख्खी प्लेट एकाच जातीची. नळीत भरून फ्रीजमध्ये. जेवणात लक्ष नाही. आता परीक्षा. कुकरमध्ये उकडलेल्या वाळूत हरभरा: तीन कुंड्यांत आपला जिवाणू, चौथी बिनकल्चरची, तिच्यात काहीच नाही. चौथीला गाठी आल्या तर जिवाणू बाहेरून शिरला, सगळं फुकट.

१२ जाने.
तिन्ही हिरव्या, चौथी पिवळी! प्राचीने टाळी दिली. मागून आमच्या हिचा, लताचा आवाज, "सासरा-सून हासून राह्यले, अन् ते बापडं मरून राह्यलं."

२ फेब्रु.
उपटली. तिन्हीत गाठी, आत गुलाबी!! चौथीत... दोन. प्राचीने कुंडी उजेडात ओढली. वाळूवर काळ्या मातीचा थर.
"लता, हे काय?"
"संक्रांतीले बायाईले वाण देल्लं, तवा त्यालेबी मूठभर माती देल्ली. परसातली. काऊन, पाप केलं काय?"
रागावणार तरी कसं? म्हटलं, गाठी वरच्या मातीतच आहेत, परीक्षा पास धरून चालू.
प्राची, "मामाजी, पाकिटावर नाव तुमचं राहीन."
कुकरमध्ये पुन्हा वाळू चढवली.

३ फेब्रु.
परत चार कुंड्या. ऊन तापायच्या आत व्हायला पाहिजे, मग हरभरा टिकत नाही. नामदेवभाऊंचा हरभरा सोंगून, कापून झाला, वावर नांगरलंसुद्धा; नव्या गाठी मिळायच्या नाहीत. नळीत आहे तेवढाच जिवाणू.

२२ फेब्रु.
चौथी पुन्हा पिवळी. झकास! नळीतला शुद्धच असणार, माझं मन सांगतं. मन काय, ते मागच्या वेळीही...
हे लिहितोय अन् भिंतीपलीकडे लता कुंडीशी बोलतेय. "उपाशी राह्य माया बाप्पा. इतके दिस काढले, अजून पंधरा काढ. मी हातबी लावत नाई." मग हळूच, "पानी तं भेटते न तुले?"
उठतो. न उकळलेलं पाणी तर घातलं नाही ना, बघून येतो.