आईला उन्हात नेलं

बाबा, काल मी आईला तलावावर नेलं. चिखल्याच्या आपल्या तलावावर नाही. खाणीच्या कॉलनीतलं ते घर तुमच्या मागे लवकरच सुटलं. आम्ही आता वरठीला राहतो, आणि इथूनही थोड्या अंतरावर एक तलाव आहे. थंडी पडली की मी दर रविवारी सकाळी त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जाऊन बसते. आईची डावी बाजू लुळी पडल्यापासून आठवड्याचे बाकी दिवस कॉलेजच्या ऑफिसात आणि तिच्या पलंगापाशी जातात. ऑफिसच्या वेळात एक बाई येते. रविवारी शेजारच्या काकू आईजवळ बसतात, तेवढ्यात मी ऊन खाऊन परत येते. हे मी आरामासाठी करते असं डायरीत लिहिलं होतं, मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं, कारण दुसरा शब्द सापडला नाही. गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "मले बी ने न." माझ्याजवळ तेवढाच वेळ माझा आहे, बाबा. त्यामुळे तिची इच्छा ऐकून मला आधी आनंद झाला नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

चिखल्याची थंडी मला अजून सगळी आठवते. धुकं असतानाच तुम्ही खाणीत उतरायचात आणि घरी यायचात तेव्हा कॉलनीतले दिवे लागलेले असायचे. आठवडाभर तुम्हाला ऊन म्हणून दिसायचं नाही. सुटीच्या दिवशी मात्र सकाळीच तुम्ही सायकल काढता, दांडीवर टॉवेल गुंडाळता आणि मला त्यावर बसवता. आई दारात भांडी घासत असते. "चालले बाप-लेक हवा खाले," ती म्हणते. "घरचं काम काय भुतं करन?" तुम्ही हसता आणि पायडल मारता. वळणावर मी विचारते, "आई काहून नाही येत?" तुम्ही म्हणता, "तिले नाही आवडत. तिले तिथं डास चावते." एवढ्या थंडीत डास! मला तेव्हाही हसू आलं होतं, पण तुम्ही म्हणालात म्हणजे असतील.

पाळीवर तुम्ही शर्ट काढून उन्हाकडे पाठ करून बसता. पाठ हळूहळू तापते तसे तुमचे खांदे सैल पडत जातात. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले, पलीकडे दूरदेशातून आलेली बदकं, आणि पाळीच्या खाली धान कापून झालेल्या शेतांच्या बांध्यांमध्ये लाखोरी डाळीची निळी फुलं. मी बोलत नाही. न बोलणं मला तेव्हाच जमत होतं आणि त्याचा अभिमानही होता. तिथे तुम्ही माझ्यावर एकदाच रागावलात. बदकं उडताना बघायची म्हणून मी खडा मारला होता. "बसले हाय न ते! किती दुरून आले असन. बसू दे न त्यायले." मी रडायला लागले. मग तुम्ही खिशातून उकडलेल्या वालाच्या शेंगा काढल्या आणि एकेक सोलून माझ्या हातावर दाणे ठेवत राहिलात, माझं रडं संपल्यावरही.

काल ऑटोवाल्याने आणि मी मिळून आईला आत बसवलं. कानटोपी, शाल, वर घोंगडी. त्याने विचारलं, "मावशी, सहलीले निघाल्या का?" आई म्हणाली, "तुह्यासाठी पोरगी पाहाले निघाली. पोट कमी कर थोडंसं." तो खूप हसला, आणि तलावापाशी त्यानेच आईची चाकाची खुर्ची पाळीवर चढवून दिली आणि न्यायला येतो म्हणाला. मी कणकेचा डबा, गोवऱ्या आणि पळसाची पानं नेली होती, कारण आईने बजावलं होतं की पानगे तिथेच भाजायचे. कणीक पळसाच्या दोन पानांमध्ये थापायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायची, एवढंच. पण मला घाई झाली होती. सगळं आटोपून थोडा वेळ नुसतं बसायचं होतं. मी जाळ असतानाच पानगे आत सरकवले.

"अवं, जाळ हाय न अजून! निखारे पडू दे. एवढी शिकली न पानगे जाळून राहिली."

"धुरानं खोकला येईल तुला, म्हणून लवकर करते."

"घरी का कमी येते खोकला?"

पानगे वरून काळे झाले आणि आत कच्चे राहिले. तिने तरी खाल्ले, तिखटाच्या गोळ्याबरोबर, चवीने. मग पाण्याकडे बघत विचारलं, "चिखल्याचा बी असाच होता का?" मी हो म्हटलं. तिने उजव्या हाताने घोंगडी गुडघ्यांवर ओढली. मग म्हणाली, "तुह्या बाबानं मले कधी म्हटलंच नाही, चाल म्हणून."

"ते म्हणायचे, तुला आवडत नाही."

"मी कधी म्हटलं असं? मी त सुटीच्या दिवशी कणीक मळून ठेवत होती. पळसाचे पानं बी धुऊन ठेवत होती. वाटे, आज म्हणन. मग तुम्ही गेले का त्याच कणकेच्या पोळ्या करत होती."

त्या पोळ्या मी खाल्ल्या आहेत. आपण परत यायचो तेव्हा ताटं तयार असायची.

तुम्हाला जाब विचारावा म्हणून मी हे लिहायला बसले. तुमची समजूत चुकली होती, एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, असं लिहायचं होतं. पण कालचंच पुढे आठवतं. त्यानंतर आई थांबली नाही. नळाचं पाणी, काकूंची सून, मामाचं दुखणं. मी बदकांकडे बघत होते आणि ती गप्प बसावी म्हणून मनातल्या मनात विनवत होते. ती काही वाईट बोलत नव्हती. कितीतरी दिवसांनी ती खुशीत होती. तरी माझे खांदे सैल झाले नाहीत. ऊन होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

तेव्हापासून वाटतं आहे की तुमची समजूत चुकलेलीच नसेल. कणीक तुम्ही पाहिली असेल. एवढ्याशा घरात ती दिसणारच. आठवडाभर जमिनीखाली राहून आलेल्या माणसाला एक सकाळ अशी हवी असेल की जिथे कुणाचं काही करायचं नाही. मी बोलत नसे, म्हणून मी चालले असेन, मी मोजलीच जात नसेन. पण हा मीच तुमच्यावर लादलेला विचार असू शकतो. आज मला सोबती हवा आहे म्हणून. तिला आवडत नाही असं तुम्ही भोळेपणाने खरंच मानलं असेल, तर मी तुमच्यावर अन्याय करते आहे. विचारायला तुम्ही नाही, आणि आईला विचारायचा मला धीर नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, ते डायरीतच राहील. आई काल खूप गाढ झोपली. आज उठल्या उठल्या म्हणाली, "पुढच्या रविवारी वांगे बी घेऊ सोबत. पानग्यासोबत वांग्याची भाजी लागते." मी म्हटलं, पुढच्या रविवारी कॉलेजात काम आहे. ती म्हणाली, बरं.

काम नाही, बाबा.