शालनचे खांदे

लोणावळा
६ जानेवारी २०२५

ती. दत्तामामांस,
चैतालीचा सा. नमस्कार.

फोनवर चित्र दाखवलं की तुम्ही 'एक नंबर' म्हणता आणि फोन मामीकडे देऊन सुटता. म्हणून यावेळी चित्राचा मोठा फोटो काढून पोस्टानं पाठवतेय. उत्तर कागदावर हवंय.

चित्र आईचं आहे, भिंतीवरच्या फोटोवरून काढलेलं. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, मला तो फोटोच आठवतो. आमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या प्रदर्शनात ते लावायचंय, पण सर म्हणतात, मान आणि खांदे जुळत नाहीत. पुन्हा पुन्हा काढलं तरी तेच. बाबा 'छान' म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. स्वतःची आईच काढता येत नसेल तर हे सगळं सोडून द्यावं, असं वाटायला लागलंय. खोटं सांगू नका.

बघायची रीत अशी. आधी नुसतं काय दिसतं ते सांगायचं. मग रेषा, रंगसंगती, पोत, प्रमाण, मोकळी जागा यांची मांडणी कशी आहे ते. मग चित्र काय म्हणतं ते. चांगलं की वाईट हे सगळ्यात शेवटी. तुम्ही नेहमी शेवटून सुरू करता!

तुमची माया आहेच, यावेळी ती जरा बाजूला ठेवा.

तुमची
चैताली

बेडसे
१४ जानेवारी २०२५

चि. चैताली हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

जन्मभर ग्रामपंचायतीत कारकुनी केली. 'वरील मजकूर खरा आहे' याच्यापुढे माझी लेखणी कधी गेली नाही. अशा माणसाला तू समीक्षक करायला निघालीस, धन्य आहे. तरी शब्द पाठ केले आणि सरावाला लागलो. तुझ्या मामीला म्हणालो, भाकरीचा पोत उत्तम, पण ताटात मोकळी जागा फार झाली. तिनं त्या मोकळ्या जागेत काहीही वाढलं नाही. शेजारचा अंबाजी घराला गुलाबी आणि पोपटी रंग देतोय, त्याला रंगसंगती समजावली. घर अजून गुलाबी-पोपटीच आहे, फक्त अंबाजी माझ्याशी बोलायचा थांबलाय.

मग तुझं चित्र घेऊन बसलो. तोंडातून 'छान' निघूनच गेलं. ते गिळून पहिल्यापासून सुरुवात केली. काय दिसतं? एक बाई, हिरवी पैठणी, गळ्यात ठुशी, दोन्ही खांदे सरळ. एवढं लिहिलं आणि हात थांबला. शालनकडे पैठणी कधी नव्हतीच गं. मामीला हाक मारली. ती बघून म्हणाली, आवो, ह्ये खांदं आपल्या शालनचं न्हाईत.

तेव्हा कुठं आठवलं. शालन गेली तेव्हा तिचा ओळखपत्रावरचा एवढासा चेहरा तेवढा घरात होता. फोटोवाल्यानं तो मोठा केला आणि खाली त्याच्याकडचं तयार धड जोडलं. गावात सगळ्यांचं तसंच करायचे, बायांना पैठणी, पुरुषांना कोट. आमच्या आबांनाही फोटोत कोट आहे, आणि त्यांनी जन्मात सदऱ्याचं वरचं बटण लावलं नव्हतं. इतकी वर्षं रोज बघून आम्हाला तेच खरं वाटायला लागलं. माझी सख्खी बहीण, आणि मीही विसरलो.

तुझा हात चुकलेला नाही, पोरी. मान आईची आणि खांदे भलत्याच बाईचे, प्रमाण जुळणार कसं? शालनचा डावा खांदा खाली असायचा. डाव्या कडेवर कायम कुणीतरी. आधी शेजाऱ्यांची पोरं, मग माझी, शेवटी तू. फोटोतली मानही त्याच बाजूला कललेली आहे, नीट बघ. साडी सुती, निळी, विटकी. पदर खोचलेला.

यातलं चुकलंमाकलं सरांना दाखवू नकोस, एवढी कृपा कर.

तुझा मामा,
दत्तोबा

लोणावळा
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी खूप रडले. मग हसू आलं. एका अनोळखी बाईच्या पैठणीची बुट्टी न् बुट्टी मी केवढ्या मायेनं रंगवली होती! बाबांना विचारलं. व्हय, खांदा पडताच व्हता तिचा, असं म्हणाले आणि मग जेवण होईपर्यंत तिच्याचबद्दल बोलत राहिले. आजवर कधी बोलले नव्हते.

नवं चित्र काढलंय. रविवारी बाबा ते घेऊन येतील. तुम्ही हो म्हणालात तरच प्रदर्शनाला देईन.

मामींना नमस्कार. माया यावेळीही बाजूलाच असू द्या.

चैताली

बेडसे
१० फेब्रुवारी २०२५

चि. चैताली हिस,
अनेक आशीर्वाद.

दाजी चित्र घेऊन आले. मी चष्मा पुसून, सगळे शब्द ओळीनं लावून तयार बसलो होतो. त्यांनी कापड काढलं आणि एकही शब्द कामाला आला नाही. समीक्षक भोकाड पसरून रडला. तुझ्या रीतीत हे आधी येतं की शेवटी, ते सरांना विचार.

निळा रंग आणखी थोडा विटका चालला असता. काहीतरी खोड काढायलाच हवी, म्हणून ही काढली. चित्र प्रदर्शनाला दे. चित्रं सोडायचं नाव पुन्हा काढू नकोस. अशीच हक्कानं छळत राहा.

तुझा
दत्तामामा

ता. क. चित्र दिवसभर ओसरीवर टेकवून ठेवलं होतं. मी सवयीनं त्याला हार घालायला गेलो, तर मामीनं माझा हात धरला. म्हणाली, जित्या माणसाला हार घालत्यात व्हय?