एका दिवसाचा परवाना

८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

‘लालबागच्या आयाबहिणींनो, ज्या दुकानासमोरून जाताना आपल्या मुली मान खाली घालतात, ते दुकान मान वर करून उभं आहे!’ आजच्या कोपरासभेची सुरुवात मी अशी केली. पंचवीस तारखेला मतदान. उभी बाटली की आडवी. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की देशीचं दुकान बंद.

सभा रंगात आली होती. मागून एकजण ओरडला, “ओ दुर्गाताई, चाखलीत कधी? न चाखताच वीस वर्षं विष-विष करताय!”

हशा. माझ्या आधी आमच्या मोहिमेतली कमलच उसळली, “तुझ्या बायकोने तुला चाखलाय रे, तिला विचार कडू की गोड!” आणखी मोठा हशा.

पण तो प्रश्न माझ्यासोबत घरापर्यंत आला. न वाचलेल्या पुस्तकावर मी आयुष्यात बोलले नाही. शाळेत मुलांनाही तेच शिकवलं.

१० फेब्रुवारी

बहिणीच्या राहुलला फोन केला. तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर व्हिस्कीची चव घेण्याच्या बैठकांना जातो. “मावशी, तू?! थांब, व्हिडिओ काढतो.” रागावले. मग नरमला— “देशी नको हां. उलटी करशील. माझ्याकडे एक भारी आहे.”

मान्य केलं. आमच्या गल्लीत कोण पितं असली? ही पळवाटच. कळत होतं.

एक अट घातली— दारू पिण्याचा परवाना. कायदा आहे! “अगं, मुंबईत कोण काढतं परवाना?” मी काढते. माझ्या नावावर एका दिवसाचा आणायला लावला.

११ फेब्रुवारी, रविवार

दुपारी राहुल आला. काळी बाटली. सिंगल माल्ट व्हिस्की, एकोणसाठ टक्के अल्कोहोल. कुठल्या भट्टीची, ते लेबलवर नाही. “सांगत नाहीत मावशी. दुसऱ्याची घेऊन आपल्या नावाने विकतात. ओळखायची, हीच गंमत.” बाप लपवलेलं पोर, मी म्हटलं.

दलदलीतलं कुजकं गवत वाळवून जाळतात म्हणे, त्या धुरावर जव सुकवतात. ग्लास नाकाशी धरायला सांगितला, तोंड थोडं उघडं ठेवून. आधी टिंक्चर आयोडिन. मग होडीला फासलेलं डांबर. मग— निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील! आईची शेगडी. मी ग्लास खाली ठेवला.

घोट. जीभ पेटली. डोळ्यांत पाणी. राहुलने चमच्याने पाण्याचे चार थेंब टाकले. आता धुराच्या मागून गूळ आला. मग मीठ. मग बराच वेळ नुसती ऊब, छातीच्या मधोमध.

वाईट असेल अशी तयारी करून बसले होते. वाईट नव्हती.

मी सतरा वर्षांची असताना बाबा देशीने गेले. प्रत्येक सभेत सांगते. त्यांना काही आवडत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

“घरी नेली तर मित्र संपवतील,” म्हणत राहुल बाटली इथेच ठेवून गेला.

१३ फेब्रुवारी

ती कुठल्या भट्टीची, ते शोधायचं. दादरला ग्रंथालयात जाऊन दोन पुस्तकं चाळली. बेट असावं. मीठ त्याशिवाय कुठून येईल? खात्री करायला संध्याकाळी एक घोट. फक्त वासाने कळत नाही.

१४ फेब्रुवारी

पाण्याशिवाय घेतली. बेटच.

१५ फेब्रुवारी

बेट नसेलही.

१६ फेब्रुवारी

आज परवान्याची आठवण झाली. रविवारीच संपला होता.

१८ फेब्रुवारी, रविवार

परळची सभा. निघण्याआधी घसा बसला होता, म्हणून थोडी घेतली. लेखी भाषण बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “तिची चव वाईट असते हे खोटं आहे बायांनो! ती चांगली लागते. आई लागते तशी जवळची लागते. म्हणून तर आपली माणसं परत येत नाहीत!” आधी एक टाळी. मग टाळ्या, थांबेचनात.

कमल रडत होती. “ताई, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?” एका जुन्या, मी म्हटलं.

वीस वर्षांतलं माझं सगळ्यात खरं भाषण. आणि त्याच्यामागोमाग हे खोटं.

२१ फेब्रुवारी

बाटली संपली. राहुलला म्हटलं, धक्का लागून सांडली.

२३ फेब्रुवारी

टॅक्सीने रे रोडला गेले. तिथे मला कोणी ओळखत नाही. देशीची क्वार्टर घेतली, पिशवीत पत्रकांच्या खाली घातली. पत्रकांवर माझाच फोटो.

आता कुठली, कोणाची, काही शोधत नव्हते.

२५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला मत दिलं. आडवी. आयुष्यात इतक्या मनापासून शिक्का मारला नव्हता.

बाहेर कमल मिठी मारायला आली आणि अर्ध्यात थांबली. माझ्या तोंडाचा वास तिला आला होता. मग वळून बायकांना म्हणाली, “ताईंना ताप आहे. गर्दी करू नका गं.”

कमल, ही वही संध्याकाळी तुझ्या हातात देणार आहे. उरलेली क्वार्टर कपाटात, साड्यांच्या मागे आहे. वाचून झालं की माझ्या घरी ये, आणि ती माझ्यासमोर मोरीत ओत.