जर्दाळूचा मुक्काम

कॉर्क, आयर्लंड
५ जानेवारी २०२५

ती. आईस,
केतकीचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले, इस्पितळात रुजूही झाले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलवरच्या दोन ओळींनी तुझं समाधान होत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहिते.

तुझ्याकडे सोडून आले ते कसलं कुत्रं, असं तू विचारलं होतंस. जर्दाळूची आई कॉकर स्पॅनिअल आणि बाप पूडल, दोघंही मूळचे शिकाऱ्यांचे सोबती. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत ही जोडी लोकांना आवडली आणि पिल्लांना कॉकापू नाव पडलं. केस फारसे गळत नाहीत, पण गुंततात. रोज विंचर, कानामागे आणि काखेत जास्त. मनुका आणि कांदा चुकूनही देऊ नकोस. खोड एकच, त्याला एकटं राहवत नाही.

कुत्रा इकडे आणायच्या नियमाप्रमाणे कातडीखालची ओळखीची चिप, रेबीजची लस, रक्ताची तपासणी आणि त्यानंतरचे तीन महिने पार पडले की जुलैत त्याला बोलावून घेईन. पुण्यात चार वर्षं ड्यूटीवरून आले की दाराशी तोच असायचा. इथे कुलूप उघडलं तरी आत जावंसं वाटत नाही.

तुझी,
केतकी

*

वसमत
१६ मार्च २०२५

चि. केतकीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या लाडक्यानं पहिले नऊ दिवस ताटलीला तोंड लावलं नाही. तुझ्या जुन्या चपलेवर हनुवटी टेकून पडून राही. दहाव्या दिवशी मी खाली त्याच्याजवळ बसून दूध-भाकर कुस्करली, तेव्हा उठला आणि चाटूनपुसून जेवला. तू गेल्यापासून मलाही अन्न गोड लागत नव्हतं. ते तुला कळवलं नव्हतं, आज कळवते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वाळत्या हळदीत लोळून आला. तीन आंघोळी घातल्या, तरी अजून नवरदेवासारखा दिसतो. कामाला येणाऱ्या शिलाचं म्हणणं, बाई, हे कुत्रं न्हाई, मेंढरूच हाय. शेवटी तिनंच तिच्या गावच्या उकंडराव धनगराला आणलं. त्यानं मेंढ्यांच्या कात्रीनं दोन बोटं केस ठेवून उन्हाळ्यापुरता मोकळा केला. जाताना म्हणाला की लोकर लई गुणाची हाय, पर एवढ्यात घोंगडं व्हायचं न्हाई.

परभणीला नेऊन चिप आणि लस झाली. रक्तही पाठवलं आहे. तू थंडीत कान झाकत जा.

तुझी,
आई

*

कॉर्क
२० एप्रिल २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रक्ताचा अहवाल चांगला आला! वीस जुलैला मुंबईहून त्याला विमानात बसवायचं ठरलं. घरमालकीणबाई तयार आहेत, रोज विचारतात की पाहुणा कधी येतो. मी टोपली आणली, त्यात माझा जुना स्वेटर अंथरला. नदीकाठची फिरायची वाटही हेरून ठेवली आहे. परवा तसाच एक कुरळ्या केसांचा कुत्रा भेटला, हात चाटत बसला आणि माझी बस गेली. पुढच्या बसची वाट पाहत थांब्यावर वेड्यासारखी रडले.

तुझी,
केतकी

*

वसमत
८ जून २०२५

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

कागदपत्रं तयार आहेत. सवय व्हावी म्हणून त्याला पिंजऱ्यात बसवून पाहिलं आणि मीच पाच मिनिटांत बाहेर काढलं.

आता खरं लिहिते. पाडव्यापासून माझा दुसरा कानही गेला. कानाच्या यंत्रातून नुसती खरखर ऐकू येते. शिलानं कडी वाजवली तर मला कळत नाही. जर्दाळू येतो, गुडघ्यावर पाय ठेवतो आणि मागे बघत बघत दाराकडे चालतो. कुकरची शिट्टी झाली तरी तसंच. कुणी शिकवलं नाही.

पण कानांचं कारण पुढे करत नाही, त्यांची काहीतरी सोय होईल. तुझे बाबा गेल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत गेले काय, न गेले काय, कुणाला फरक पडत नव्हता. हा उठतो आणि मागे येतो.

तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. परदेशी जाऊ नकोस, असंही म्हटलं नाही. याला मात्र मागते. नाही म्हणालीस तर राग धरणार नाही, ठरल्या दिवशी त्याला स्वतः मुंबईला घेऊन जाईन.

तुझी,
आई

*

कॉर्क
२५ जून २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगते, आधी राग आला. तो माझा आहे, असं रिकाम्या खोलीत मोठ्यानं बोललेसुद्धा. दोन दिवस तुझं पत्र उघडंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी विमानाचं आरक्षण रद्द केलं. जर्दाळू तुझ्याजवळच राहू दे.

पावसाळ्यात त्याचे कान कोरडे ठेव, ओल राहिली की चिघळतात. दर सहा-आठ आठवड्यांनी उकंडरावांना बोलाव. आणि नांदेडला जाऊन तुझे कान पुन्हा दाखव, टाळाटाळ नको.

आज घरमालकीणबाईंना सांगितलं की पाहुणा येणार नाही. त्या हळहळल्या. मग तो कुणाजवळ राहणार, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, माझ्या आईजवळ. त्या म्हणाल्या की मग काळजी नाही, दोघांना एकमेकांची सोबत झाली. आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं की तुला गं कुणाची?

मी तो कप घेऊन खोलीत आले आणि तुला लिहायला बसले, आई. पत्र लवकर लिही.

तुमच्या दोघांची,
केतकी